ऑल्डर्नी: तीन टीमांची नॉकआउट आणि वर एक फुकटचा दिवस

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या इंग्लंडात साउदम्प्टनला नोकरी. फुटबॉल म्हटलं की आमच्याकडं घराघरात एक म्हातारा असतो जो कुठल्या तरी तालमीकडनं (आमच्याकडं फुटबॉलच्या टीमा तालमींच्या) खेळलेला असतो, आमच्या घरातले आण्णा, माझे वडील. गोलकीपर होते. त्यामुळं साउदम्प्टनला आल्यावर पहिल्याच महिन्यात ऑफिसातल्या एकानं साउदम्प्टन क्लबच्या मॅट ल टिसिएची गोष्ट ऐकवली, सगळं प्रोफेशनल करिअर याच एका क्लबात, ४८ पेनल्टींपैकी ४७ आत, आणि गडी मूळचा गर्न्सी बेटावरचा, तेव्हा मी विचारलं की गर्न्सीत असं काय आहे बाबा. त्यावर तो म्हणाला, गर्न्सी सोड, तू मुराटी बघ.

तर मुराटी. इंग्लिश चॅनलमध्ये फ्रान्सच्या कुशीत तीन बेटं आहेत (आहेत जास्त, पण फुटबॉलपुरती तीन): जर्सी, गर्न्सी आणि ऑल्डर्नी. जर्सी म्हणजे तीच, जिच्यावरनं आपली जर्सी गाय आणि खेळाडूंच्या अंगातली जर्सी दोन्ही आली. १९०५ पासून ही बेटं एकमेकांत मुराटी वास नावाचा कप खेळतात, मुराटी हे सिगारेट कंपनीचं नाव, त्यांनी कप दिला म्हणून. टीम तीन आणि पद्धत नॉकआउट. म्हणजे सेमीफायनल एकच! ऑल्डर्नी एका वर्षी गर्न्सीशी खेळणार, दुसऱ्या वर्षी जर्सीशी, आणि उरलेली मोठी टीम घरी बसून फायनलला. जर्सीची वस्ती लाखाच्या वर, गर्न्सीची ६४ हजाराच्या आसपास, ऑल्डर्नीची दोन हजार. दोन हजार म्हणजे आमच्या पेठेतल्या दोन गल्ल्या. आणि ऑल्डर्नीनं हा कप एकदाच जिंकलाय, १९२० साली.

सगळे लोक फायनलला जातात, मे महिन्यात, जर्सी विरुद्ध गर्न्सी, गर्दी, बँडबाजा. मला मात्र ती सेमीफायनल डोक्यात बसली. शंभर वर्षांत एकदा जिंकलेली टीम दरवर्षी काय म्हणून उतरते मैदानात? पव्याला फोन केला (पव्या पण कोल्हापूरचा, रीडिंगला असतो), म्हटलं ऑल्डर्नीला यायचं का मॅच बघायला. त्यानं विचारलं जिंकणार का, मी म्हटलं नाही. म्हणाला मग चल.

शुक्रवार

साउदम्प्टन ते ऑल्डर्नी थेट विमान आहे, पण आम्ही गेलो तेव्हा विमान म्हणजे एकोणीस सीटचं डॉर्नियर, दोन पंखे. आत शिरताना वाकायला लागतं, पायलटची पाठ आपल्या समोर दिसते, वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हरची दिसते तशी. पव्या अंगानं दणकट, त्याला मागं बसवलं आणि मला पुढं, आणि ते वजनावरनं ठरवलंय हे कळल्यावर तो पूर्ण प्रवास गप्प. पाऊण तासात उतरलो. वरनं सगळं बेट एका नजरेत मावतं, पाच किलोमीटर लांब, अडीच रुंद, कडेनं सगळीकडं किल्ले. हे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, फ्रेंचांच्या भीतीनं बांधलेले, किल्ले आणि तोफखाने मिळून डझनावारी. पव्या म्हणाला, आपल्या जिल्ह्यापेक्षा जास्त किल्ले आहेत की रे एवढ्याशा बेटावर.

एअरपोर्टवरनं गाव चालत वीस मिनिटं. गाव एकच, सेंट ॲन. त्यात दगडी फरशीचा एक उतार आहे, व्हिक्टोरिया स्ट्रीट, तोच बाजार, तोच चौक, तोच कट्टा. आमच्या गेस्टहाउसच्या मालकीणबाईंनी दार उघडं ठेवून चिठ्ठी लावलेली, "मी दुकानात आहे, खोली वरची डावीकडची." किल्ली नाहीच. पव्यानं दोनदा विचारलं किल्ली कुठंय म्हणून, बाई म्हणाल्या, कशाला?

संध्याकाळी ब्रे बंदरावर उतरलो. तिथं एक लांबच लांब दगडी धक्का समुद्रात गेलाय, १८४७ ला बांधायला घेतला, आणि त्याला दगड वाहायला जी रेल्वे टाकली ती अजून आहे. तिच्यावर लंडनच्या ट्यूबचे जुने डबे धावतात, पण ईस्टरनंतर, शनिवार-रविवारी. आम्ही मार्चमध्ये गेलो, डबे नुसते काचेतनं बघितले. बंदराजवळ फिश अँड चिप्स खाल्ले, मासा एवढा ताजा की व्हिनेगर टाकायचं मनात आलं नाही. वारा मात्र असला बेकार, की चिप्स उडून गेले, खरंच उडाले, दोन चिप्स मागच्या टेबलावरच्या आजींच्या मांडीवर. आजींनी त्यातला एक खाल्ला.

जाणाऱ्यांसाठी: फोटो आयडी लागतोच. भारतीय पासपोर्ट असेल तर विसाचं आधी स्वतः नीट तपासा, माझ्या भरवशावर राहू नका. नोटा इथं गर्न्सी पाउंडच्या मिळतात, एक पाउंडाची कागदी नोट पण चालते, पण त्या नोटा इंग्लंडच्या दुकानात घेत नाहीत, तिथंच संपवा. आणि मोबाइलच्या रोमिंगचं बघा, युकेचं सिम म्हणजे इथं युकेचाच रेट असं नाही. मोबाइलचा अजून एक घोळ आहे, तो खाली येतोच.

शनिवार, मॅचचा दिवस

मॅच दुपारी होती. मी सकाळी मोबाइल बघून आवरलं, पव्याला उठवलं, नाश्ता घाईत कोंबला, आणि चालत मैदानावर पोचलो तर चिटपाखरू नाही. गेटवर कुलूप नाही, तिकीटवाला नाही, काहीच नाही. पव्या म्हणतोय मॅच रद्द झाली बहुतेक, वारा बघ की. तेवढ्यात लांब गोलपोस्टपाशी एक म्हातारा दिसला, खुर्चीवर चढून जाळी अडकवत होता. त्याला वेळ विचारली. त्यानं मनगट बघितलं, मग माझा फोन बघितला आणि हसायला लागला. फ्रान्सचा किनारा इथनं पंधराएक किलोमीटरवर आहे, फोननं रात्रीतनं फ्रेंच टॉवर पकडला होता आणि घड्याळ एक तास पुढं गेलेलं. "दर मॅचला एक जण तरी असा लवकर येतो," म्हातारा म्हणाला, "त्यालाच आम्ही जाळीला लावतो." (तर हा तो घोळ. ऑल्डर्नीला गेलात की फोनची वेळ ऑटोमॅटिकवरनं काढा, नाहीतर विमानसुद्धा एक तास आधी गाठाल.)

मग काय, लागलो कामाला. जाळीचे हुक वरच्या बारला प्लास्टिकचे, त्यातले निम्मे तुटलेले, तिथं काळ्या इलेक्ट्रिक टेपनं बांधायचं. वारा जाळी फुगवून हातातनं ओढून नेतोय, पव्या खालची कड बुटानं दाबून धरतोय, मी टेप दातानं तोडतोय. पेनल्टी स्पॉट वाऱ्यानं पुसला होता, तो परत मारायचा. इथं यंत्रानं पांढरा रंग मारतात, पण ते यंत्र कुठल्या तरी शेडमध्ये कुलपात आणि किल्लीवाला अजून झोपलेला (किल्ल्या आहेत म्हणजे बेटावर, फक्त चुकीच्या ठिकाणी). म्हातारबाबांनी एका डब्यातनं चुना आणला आणि बोटांच्या चिमटीतनं सोडला. मी म्हटलं, फक्की! आमच्याकडं शाहू स्टेडियमवर मॅचच्या आधी अशीच फक्की मारतात. त्यांना शब्द आवडला. फक्की, फक्की असं दोन-तीनदा म्हणून बघितलं.

या आजोबांचं वय पंच्याऐंशीच्या पुढं. १९४० च्या जूनमध्ये जर्मन येणार म्हणून अख्खं बेट रिकामं केलं होतं, तेव्हा हे आईच्या मांडीवर, वर्षाचे. परत आले १९४५ च्या डिसेंबरात, सहा वर्षांचे होऊन. घरं उघडी, दारं-खिडक्या जाळायला नेलेल्या, आणि जे काही फर्निचर सापडलं ते ब्यूट्स नावाच्या माळावर आणून रचलेलं. दोरी लावली, शिट्टी झाली आणि ज्यानं पहिला हात लावला त्याचं ते. लोक धावले. "माझ्या आईनं एक टेबल धरलं," आजोबा म्हणाले, "ते आमचं नव्हतं. कुणाचं होतं ते आईला माहीत होतं. पण त्या बाईनं आमची खुर्ची धरली होती." ते टेबल अजून त्यांच्या घरात आहे म्हणे. खुर्ची परत मिळाली का ते विचारायचं राहिलं.

१९२० चं मी विचारलंच. पहिलं महायुद्ध संपल्यावर मुराटी परत सुरू झाली ती त्या वर्षी, आणि त्याच वर्षी ऑल्डर्नी. यांचे आजोबा त्या दिवशी धक्क्यावर होते, बोट यायची वाट बघत. तेव्हा वायरलेस वगैरे घरोघरी नाही, त्यामुळं बोट दिसेपर्यंत निकाल कळायचा मार्ग नव्हता. बोटीवर झेंडा दिसला, कुणी म्हणालं जिंकलो, कुणी म्हणालं चेष्टा करतायत. कप हातात दिल्यावर विश्वास बसला. हे सगळं ते असं सांगत होते जसं स्वतः तिथं होते. आमच्याकडंही असंच आहे, वीस वर्षं आधी जन्माला यायला हवा होता असा माणूस कुठल्या तरी फायनलच्या शेवटच्या मिनिटाची हकीकत साक्षीदारासारखी सांगतो.

जाताना आजोबांनी विचारलं, तू हे लिहिणार आहेस का कुठं? म्हटलं हो, मराठीत. म्हणाले, मग एक काम कर, स्कोर लिहू नकोस. मराठीत तरी आम्ही हरलेलो नसू दे.

शब्द दिलाय. त्यामुळं गोल किती झाले ते इथं नाही.

पण मॅच सांगतो. समोर गर्न्सीवाले, हिरव्या कपड्यात, अंगानं तयार, पासिंग बघूनच कळतं की ही पोरं दर आठवड्याला खेळणारी आहेत. गर्न्सी एफसी नावाचा त्यांचा क्लब २०११ पासून समुद्र ओलांडून इंग्लंडच्या खालच्या लीगमध्ये खेळतो, जर्सीनं पण २०१९ ला तसाच जर्सी बुल्स काढला. ऑल्डर्नीकडं असलं काही नाही. कीपर पोरगा असेल चोवीस-पंचवीसचा, लेफ्ट बॅकला पोट सुटलेलं, एक जण म्हणे सुतार, एक जण हॉटेलात कुक आणि तो दुपारचं जेवण वाढून थेट आलाय. प्रेक्षक तीनेकशे असतील, म्हणजे बेटाच्या सात-आठ माणसांमागं एक. टक्केवारीत बघितलं तर कुठलंच मोठं स्टेडियम यांच्या जवळपास येणार नाही.

वारा समुद्राकडनं आडवा. कीपरनं गोलकिक मारली की बॉल वर जातो, थांबतो, विचार करतो आणि थ्रोइनला जातो. पहिली वीस मिनिटं ऑल्डर्नीनं अशी धरली की मला वाटलं, आज काहीतरी होतंय. सगळे अकरा जण पेनल्टी बॉक्सच्या आसपास, बॉल आला की उडव, परत आला की परत उडव. त्यात एक कॉर्नर मिळाला त्यांना, आणि कॉर्नर मिळाल्यावर जो आवाज झाला तो आमच्याकडं गोलला होत नाही! अख्खं मैदान उभं, मोटारींचे हॉर्न, एक कुत्रं धावत आत आलं. कॉर्नर वाया गेला, पण लोक पाच मिनिटं खुश होते.

पव्याला राहवलं नाही. ऑल्डर्नीचा एक पोरगा एकटाच बॉल घेऊन सुटला तेव्हा हा पेठेत ओरडतो तसा ओरडला, "मार की लेका!" त्या पोरानं मारला, बॉल बारला लागून वर गेला. तिथनं पुढं आमच्या बाजूला बसलेली दहा-बारा वर्षांची सात-आठ पोरं, बॉल कुणाकडं पण असू दे, "मार्की लेका! मार्की लेका!" हाफटाइमला एका बाईनं येऊन विचारलं की हा मार्की कोण, गर्न्सीचा नवीन प्लेअर का.

दुसऱ्या हाफमध्ये जे व्हायचं ते झालं. पण कीपरबद्दल लिहायलाच पाहिजे. एक बॉल खालनं सणसणीत कोपऱ्यात चाललेला, त्यानं उडी मारून नुसतं एक बोट लावलं आणि बॉल पोस्टच्या बाहेर. उठल्यावर त्यानं हात झटकला, ग्लोव्ह काढला, करंगळीच्या शेजारचं बोट तोंडात धरलं, परत ग्लोव्ह घातला. मी जवळच होतो, त्याचा चेहरा बघितला, बोट गेलंय हे कळत होतं. बदली कीपर नव्हताच बहुतेक, कारण बेंचवर कुणाच्या हातात ग्लोव्ह नव्हते. उरलेली मॅच तो त्या हातानं बॉल फक्त मुठीनं मारत होता. आण्णा तिथं असते तर उठून आत गेले असते.

शिट्टी झाली, हात मिळवले, आजोबा जाळी काढायला निघाले. मी मदतीला गेलो तर म्हणाले, राहू दे, हरल्यावर जाळी मी एकटाच काढतो.

शनिवारची रात्र

आता गंमत अशी की मॅच संपेपर्यंत वारा पडला, आणि वारा पडला की या बेटावर धुकं उतरतं. धुकं म्हणजे आंबोलीचं डोळ्यासमोर आणा, त्यात समुद्राचा खारट वास घाला. एअरपोर्टवर विमान उतरेना. गर्न्सीच्या टीमचं संध्याकाळचं जाणं रद्द, जिंकलेली टीम अडकली. गावात जायला जागा मोजक्याच, त्यामुळं हिरवेवाले आणि हरलेले आणि रेफरी आणि आम्ही, सगळे एकाच पबात, खांद्याला खांदा लावून.

मी जरा दचकून होतो. आमच्याकडं दोन पेठांच्या पोरांना मॅचनंतर असं एका खोलीत कोंडलं तर बाहेर पोलीस व्हॅन उभी करायला लागते, उगाच कशाला खोटं बोला. इथं पण टोमणे चालतात, जर्सीवाले गर्न्सीवाल्यांना गाढवं म्हणतात, गर्न्सीवाले त्यांना बेडूक म्हणतात, हे शेकडो वर्षं चाललंय. पण त्या रात्री गर्न्सीचा एक डिफेंडर बारच्या आत जाऊन ग्लास धूत होता, कारण एरवी ग्लास धुणारा पोरगा दिवसभर लेफ्ट बॅकला धावून खुर्चीत झोपलेला. खेकड्याचं सँडविच खाल्लं, खेकडा इथलाच, ब्रेडपेक्षा आतला माल जाड. असं सँडविच मी इंग्लंडमध्ये तरी बघितलं नाही.

कीपर भेटला. बोट वांग्यासारखं सुजलेलं, निळं. बर्फाच्या ग्लासात घालून बसला होता आणि दुसऱ्या हातानं बिअर. मी म्हटलं माझे वडील कीपर होते, त्यांची पण दोन बोटं वाकडी आहेत. त्यानं विचारलं कुठली, मी दाखवली, त्यानं लक्ष देऊन बघितली, डॉक्टरसारखी. मग मी तो खुळा प्रश्न विचारला, की दरवर्षी का खेळता. तो म्हणाला, "नाही खेळलो तर ते वर्षातनं एकदा पण इथं येणार नाहीत." एवढंच, आणि बर्फ मागायला उठला.

रविवार

धुकं तसंच. मॅसेज आला की आमचं दुपारचं विमान रद्द, आता सोमवारी. विमान कंपनीला फोन केला तर चाळीस मिनिटं संगीत ऐकलं, ते पण रोमिंगवर, मग नाद सोडला. मालकीणबाईंनी खोली अजून एक रात्र दिली आणि वर म्हणाल्या, मार्चमध्ये येणाऱ्यांनी एक दिवस धुक्याचा धरूनच यायचं असतं. ही सगळ्यात महत्त्वाची टिप: सोमवारी सकाळी ऑफिसात मीटिंग ठेवू नका. मी ठेवली होती.

नाश्त्याला त्यांनी बीन जार केलेलं. हा खरा गर्न्सीचा पदार्थ, पांढऱ्या शेंगांचे दाणे आणि डुकराचा पाय मातीच्या भांड्यात, रात्रभर ओव्हनमध्ये मंद. चव गोडसर, बेताची, पण दाणा असा शिजलेला की जिभेवर विरघळावा. पव्यानं बॅगेतनं कांदा-लसूण चटणीची बाटली काढली (हा माणूस ही बाटली घेऊन कुठंही जातो) आणि आपल्या वाटीत दोन चमचे. बाई बघत होत्या. एक थेंबभर चाखली, डोळ्यात पाणी, पाणी प्यायल्या, परत एक थेंब. निघताना बाटली तिथंच ठेवायला लागली.

मग धुक्यातच चालत निघालो नैऋत्य टोकाला, गॅनेट बघायला. हे मोठे पांढरे समुद्रपक्षी, लेझ एताक नावाच्या खडकांवर हजारोंनी असतात, फेब्रुवारीतच परत येतात. बघायला म्हणजे काय, दहा फुटांपलीकडं काही दिसत नव्हतं. पण आधी वास आला, सुकट बाजाराच्या दहापट, आणि मग आवाज, यष्टी स्टँडवर सणाच्या दिवशी असतो तसा एकच कल्ला. कड्यावर उभं राहून आम्ही अर्धा तास नुसता आवाज ऐकला. पव्या म्हणाला, ही पण मॅचच चाललीय.

परत येताना एअरपोर्टच्या जवळ रस्त्याकडंला दोन सिमेंटचे खांब दिसले, एकावर पाटी. लागर सिल्ट. जर्मन ताब्यात असताना या रिकाम्या बेटावर चार छावण्या होत्या, त्यातली ही १९४३ पासून एसएसच्या, म्हणजे हिटलरच्या खास सशस्त्र दलाच्या हातात. किल्ले-खंदक बांधायला पोलंड, रशिया, फ्रान्स, कुठनं कुठनं माणसं आणून राबवली आणि मारली. २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या समितीनं मेलेल्यांचा आकडा ६४१ ते १,०२७ च्या दरम्यान सांगितला. आता रस्त्यावरनं दिसतं ते गवत आणि ते दोन खांब. आम्ही काही बोललो नाही. फोटो पण काढला नाही.

दुपारी आण्णांना व्हिडिओ कॉल लावला, कारण त्यांना एक कबर दाखवायची होती. जॉन आरलॉट. जुन्या माणसांना सांगायला नको, बीबीसीवरचा क्रिकेट कॉमेंटेटर, शॉर्टवेव्हवर खरखरीतनं येणारा तो जाड, सावकाश आवाज. आण्णांना तेव्हा इंग्रजी निम्मं कळायचं, पण म्हणतात, हा माणूस बोलायला लागला की पाऊस पडतोय का ऊन आहे ते न कळता कळायचं. १९८० ला कॉमेंटरी सोडली आणि हे आमच्याच हॅम्पशायरचं (साउदम्प्टन ज्यात येतं तो परगणा) माणूस पुढं इथं ऑल्डर्नीत येऊन राहिलं, १९९१ ला इथंच गेलं. क्रिकेटर बेसिल डॉलिव्हेराला दक्षिण आफ्रिकेतनं इंग्लंडला आणायला ज्यांनी खटपट केली ते हेच. गावातल्या कुणालाही विचारा, कबर दाखवतात.

फोन कबरीवर धरला. धुकं, ओला दगड. आण्णा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "बरं. काल काय झालं मॅचचं?"

मी म्हटलं स्कोर सांगायचा नाही असं ठरलंय.

"म्हणजे हाणलं म्हण की त्यांना."

मग मी कीपरचं सांगितलं. बोट कुठलं, सूज कशी, त्यानं पुढची मॅच कशी काढली. आण्णा एकदम सरसावून बसले. बोट ओढायचं नाही कुणी सांगितलं तरी, शेजारच्या बोटाला बांधून टाकायचं, आणि हळद गरम करून रात्री लेप. "सांग त्याला," म्हणाले, "नाहीतर माझ्यासारखं होईल." आणि स्वतःची दोन वाकडी बोटं कॅमेऱ्यासमोर धरली.

आता ऑल्डर्नीत रविवारी दुपारी हळद कुठं शोधू? आणि कीपरला तरी कुठं शोधू.

सोमवार

सकाळी उठलो तर आकाश धुतल्यासारखं. खिडकीतनं फ्रान्स दिसत होता, एवढा जवळ की घरं मोजावीत. निघताना बाईंचा हिशेब केला, उरलेल्या गर्न्सीच्या नोटा बेकरीत संपवल्या, गॉश घेतला. म्हणजे मनुका घातलेला गोड ब्रेड, त्यावर तिथलं पिवळंधमक लोणी. साउदम्प्टनला नेऊ म्हणून घेतला, एअरपोर्टच्या बाकावर संपला.

एअरपोर्ट म्हणजे एक मोठी खोली. गर्न्सीची टीम आमच्या आधी निघाली, दोन डॉर्नियर भरून, एक जण "मार्की लेका" करत गेला, म्हणजे ते तिकडं पण पोचलं. आमचा नंबर आला. बाहेर विमानापाशी अग्निशमनचा पिवळा कोट घातलेला एक जण बॅगा ढकलत होता, डाव्या हातानं. उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांना बांधलेली, काळ्या इलेक्ट्रिक टेपनं.

मी पंख्याच्या आवाजात ओरडून विचारलं, कुणी सांगितलं बांधायला? त्यानं हात कानापाशी नेला, ऐकू येत नाही म्हणून. मग मी आण्णांचा निरोप ओरडून सांगितला, हळद, गरम करून, रात्री. त्यानं मान डोलावली. एक शब्द कळला नसणार. पव्याला परत मागं बसवलं.